वीस सेंटावो आणि रस्त्यावरची लोकशाही

या महिन्याच्या टपालात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच विषयावरची आहेत. जून २०१३ मध्ये ब्राझीलमध्ये उसळलेले जनआंदोलन आणि त्यानंतरच्या दहा वर्षांत त्या देशाच्या लोकशाहीची झालेली ओढाताण, हा तो विषय. पत्रे थोडक्यात देत आहे; उत्तरे मात्र जरा विस्ताराने देणे भाग आहे.

प्रश्न: ब्राझीलमध्ये २०१३ साली बसभाडे केवळ २० सेंटावोंनी वाढले आणि लाखो लोक रस्त्यावर आले, असे वाचनात आले. त्या वेळी तिथे गरिबांची बाजू घेणारे सरकार होते, दारिद्र्य घटत होते, बेरोजगारीही कमी होती. परिस्थिती सुधारत असतानाच लोक चिडतात, याचा अर्थ कसा लावावा?
– एक निवृत्त शिक्षक, सातारा

उत्तर: आपल्या प्रश्नातला 'केवळ' हा शब्द त्या वेळच्या ब्राझीलमधल्या राज्यकर्त्यांच्याही मनात होता आणि तिथेच त्यांची गफलत झाली. २ जून २०१३ रोजी साओ पावलो शहरात बस, मेट्रो आणि उपनगरी रेल्वेचे भाडे ३ रेआइसवरून ३.२० रेआइस झाले (रेआल, अनेकवचनी रेआइस, हे ब्राझीलचे चलन; एका रेआलचे १०० सेंटावो). कागदावर पाहिले तर सरकारची बाजू लंगडी नव्हती. जानेवारी २०११ नंतर बसभाडे वाढलेलेच नव्हते. मधल्या काळातल्या महागाईच्या मानाने ही वाढ कमी होती. शिवाय ती वर्षाच्या सुरुवातीलाच व्हायची होती, पण महागाईचा आकडा फुगू नये म्हणून केंद्र सरकारने शहरांना काही महिने थांबायला लावले होते.

आता हाच हिशेब प्रवाशाच्या खिशाच्या बाजूने मांडून पाहू. दिवसाला दोन फेऱ्या आणि महिन्याला २५ दिवस धरले, तर नव्या दराने महिन्याचे १६० रेआइस होतात. त्या वर्षीचे किमान वेतन होते ६७८ रेआइस. म्हणजे किमान वेतनावर जगणाऱ्याच्या मिळकतीचा जवळजवळ चौथा हिस्सा. कायम नोकरी असणाऱ्याला याची झळ फारशी लागत नाही, कारण १९८०च्या दशकातल्या एका कायद्यानुसार प्रवासखर्चापोटी त्याच्या मूळ पगारातून ६ टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम कापता येत नाही; वरचा भार मालक सोसतो. पूर्ण भाडे पडते ते ज्याच्या नोकरीची कुठे नोंदच नाही त्याच्यावर: रोजावर घरकाम करणाऱ्या बाईवर, फेरीवाल्यावर, काम शोधत हिंडणाऱ्या तरुणावर. यांच्यातले पुष्कळजण शहराच्या कडेला राहतात आणि कामाच्या ठिकाणी पोहोचायला त्यांना दीड-दोन तास लागतात. काम मिळण्याच्या आधीच कामाची वाट धरण्याचे पैसे मोजायचे, अशी त्यांची स्थिती होती. अशा घरात २० सेंटावोंच्या पुढे 'केवळ' लागत नाही.

परिस्थिती सुधारत होती हे आपले म्हणणे खरे आहे, आणि मला वाटते की रागाचे मूळही त्या सुधारणेच्या स्वरूपातच होते. २००३ मध्ये सुरू झालेली 'बोल्सा फामिलिया' ही कुटुंब अनुदान योजना, किमान वेतनातली सततची वाढ आणि सहज मिळणारे कर्ज यांमुळे सुमारे दहा वर्षांत साडेतीन ते चार कोटी लोक दारिद्र्यातून वर आल्याचे सांगितले जाई. त्यांच्या घरी फ्रीज आला, मोठा टीव्ही आला, दारात मोटारसायकल आली. २००८ च्या जागतिक मंदीनंतर उद्योगाला हात द्यायचा म्हणून सरकारने मोटारींवरचा कर कमी केला. मोटारी खपल्या, रस्ते तुंबले आणि त्या तुंबलेल्या रस्त्यांत बस अडकून पडू लागली. पैसे टाकून घेता येईल ते घरात आले. पण शाळा, दवाखाना, बस, पोलीस अशा ज्या गोष्टी सरकारनेच द्यायच्या असतात, त्या होत्या तिथेच राहिल्या. ब्राझीलच्या १९८८ च्या राज्यघटनेत आरोग्य हा सर्वांचा हक्क आणि राज्याचे कर्तव्य आहे, असे स्पष्ट लिहिलेले आहे. लष्करी राजवट १९८५ मध्ये संपल्यावर जन्मलेली पिढी हे वाक्य शाळेत शिकून मोठी झाली आणि सरकारी रुग्णालयात गेल्यावर तिला रांगेत ताटकळत बसावे लागले. उपकार म्हणून मिळालेल्या गोष्टीत उणे निघाले तर माणूस गप्प बसतो. हक्क म्हणून सांगितलेल्या गोष्टीत उणे निघाले तर तो जाब विचारतो.

त्यातच २०१४ च्या फुटबॉल विश्वचषकासाठी १२ स्टेडियम उभी राहत होती किंवा नव्याने बांधली जात होती, आणि त्याची रंगीत तालीम मानली जाणारी कॉन्फेडरेशन्स चषक स्पर्धा नेमकी १५ जूनला सुरू झाली. उद्घाटनाच्या सामन्यात, राजधानी ब्राझिलियाच्या नव्या कोऱ्या स्टेडियममध्ये, राष्ट्राध्यक्षा डिल्मा रुसेफ यांची प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. रस्त्यावरच्या फलकांवर मागणी होती ती 'फिफाच्या दर्जाच्या' रुग्णालयांची आणि शाळांची. फुटबॉल ज्यांच्या रक्तात आहे त्या लोकांनी फुटबॉलवरच्या खर्चाचा हिशेब मागावा, यातच त्यांच्या मनाला झालेली जखम किती खोल होती ते दिसते.

आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. हे आंदोलन मोबाइलवरच्या निरोपांमुळे एका रात्रीत उगवले, असे लिहिले जाते. तसे नव्हते. २००३ मध्ये साल्व्हादोर शहरात आणि २००४ मध्ये फ्लोरियानोपोलिसमध्ये विद्यार्थ्यांनी भाडेवाढीविरुद्ध रस्ते अडवले होते. त्यातूनच २००५ मध्ये पोर्तो अलेग्रे इथे 'मोव्हिमेंतो पासे लिव्रे', म्हणजे मोफत प्रवास चळवळ, स्थापन झाली. ब्राझीलच्या बसमध्ये चढल्यावर आत लोखंडी दांड्यांचे एक फिरते फाटक असते. पैसे भरले किंवा कार्ड लावले की दांडा फिरतो आणि माणूस आत जातो, नाहीतर तो अलीकडेच राहतो. आपली मोर्चे काढण्याची रीत म्हणून या चळवळीची मुले पुठ्ठ्याचे असे फाटक करून चौकात जाळत. शहर सगळ्यांचे असेल तर त्यात फिरण्यासाठी दारावर पैसे का मोजायचे, हा त्यांचा प्रश्न आठ वर्षे जुना होता. ६ जूनला पहिला मोर्चा निघाला तेव्हा त्यात काही हजार माणसे होती.

ती लाखांवर गेली ती पोलिसांमुळे. १३ जूनच्या सकाळी साओ पावलोच्या दोन प्रमुख दैनिकांच्या अग्रलेखांनी निदर्शकांना आवर घाला असे बजावले होते. त्याच संध्याकाळी पोलिसांनी अश्रुधूर आणि रबरी गोळ्यांचा असा मारा केला की वार्तांकन करणारे पत्रकारही त्यातून सुटले नाहीत. एका छायाचित्रकाराचा डोळा कायमचा गेला. अश्रुधुराचा त्रास कमी व्हावा म्हणून निदर्शक रुमालाला व्हिनेगर लावून तोंडावर धरत. पोलीस पिशव्या तपासून व्हिनेगर सापडलेल्यांना पकडू लागले आणि त्यात एक पत्रकारही अडकला. त्याच दिवशी एका लोकप्रिय दूरचित्रवाणी कार्यक्रमात निवेदकाने प्रेक्षकांचा कौल मागितला: असल्या निदर्शनांना तुमचा पाठिंबा आहे का? कौल 'होय' असा येत असल्याचे पाहून त्याने प्रश्नात दंगा हा शब्द घालून पुन्हा विचारले, तरी पारडे 'होय'कडेच झुकले. चार दिवसांनी, १७ जूनला, देशभर लाखो लोक बाहेर पडले आणि ब्राझिलियात तरुण मुले संसदेच्या छपरावर जाऊन उभी राहिली. १९ जूनला साओ पावलोचे महापौर फर्नांदो अदाद आणि राज्यपाल जेराल्दो आल्कमिन या परस्परविरोधी पक्षांच्या दोन नेत्यांनी एकत्र येऊन भाडेवाढ मागे घेतली. दुसऱ्या दिवशी, मागणी मान्य झालेली असतानाही, शंभराहून अधिक शहरांत मिळून १० लाखांवर लोक रस्त्यावर होते.

प्रश्न: ज्या गर्दीचे आपण कौतुक करतो, तिनेच पुढे निवडून आलेल्या राष्ट्राध्यक्षांना घालवले आणि २०१८ मध्ये निवडून आलेल्या अतिउजव्या बोल्सोनारो यांच्यासाठी वाट मोकळी केली, असे काही अभ्यासक म्हणतात. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात निदान समिती होती, नेते होते. नेता नसलेले आंदोलन लोकशाहीला बळ देते की तिचा पाया खणते?
– कायद्याची विद्यार्थिनी, पुणे

उत्तर: ताई, या प्रश्नावर ब्राझीलमध्ये अजून घराघरांत वाद होतात, म्हणून मी माझे मत सांगतो आणि ते कशावर बेतले आहे तेही सांगतो. २०१३ चा जून आणि २०१८ ची निवडणूक यांच्यात सरळ रेघ ओढणे मला मान्य नाही, कारण मधल्या पाच वर्षांत कितीतरी माणसांनी घेतलेले निर्णय आहेत आणि त्या निर्णयांची जबाबदारी त्या माणसांचीच आहे.

आधी हे पाहू की १९ जूनपर्यंत आणि १९ जूननंतर काय वेगळे झाले. १९ जूनपर्यंत मागणी एक होती, ती मान्य करण्याचा अधिकार कोणाकडे आहे ते सर्वांना ठाऊक होते, आणि 'हो, हे मिळाले' असे म्हणणारी एक छोटी का होईना, पण संघटना समोर होती. ६ ते १९ जून, म्हणजे १३ दिवसांत निकाल लागला. २० जूनच्या गर्दीत मात्र शिक्षण, आरोग्य, भ्रष्टाचार, समलिंगी व्यक्तींचे हक्क, सरकारी वकिलांचे तपासाचे अधिकार असे असंख्य विषय होते, आणि लष्कराला परत बोलवा म्हणणारेही मूठभर होते. 'पक्ष नकोत' या घोषणेखाली डाव्या पक्षांच्या आणि संघटनांच्या कार्यकर्त्यांचे झेंडे हिसकावून फाडले गेले. ज्यांनी ही ठिणगी टाकली त्या मोफत प्रवास चळवळीने हे पाहून दुसऱ्याच दिवशी नवे मोर्चे न पुकारण्याचे ठरवले. त्यांची अडचण मला समजते, पण त्यांनी मागे ठेवलेली जागा रिकामी राहणार नव्हती.

सरकारने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. डिल्मा यांनी २१ जूनला देशाला उद्देशून भाषण केले, २४ जूनला त्या चळवळीच्या तरुणांना भेटल्या आणि पाच कलमी कराराचा प्रस्ताव मांडला. पेट्रोलियमच्या स्वामित्वधनातला मोठा वाटा शिक्षणाला आणि उरलेला आरोग्याला देणारा कायदा त्याच वर्षी झाला. ज्या गावांना डॉक्टर मिळत नव्हते तिथे, क्युबातल्या हजारो डॉक्टरांसह, डॉक्टर पाठवण्याची योजना जुलैमध्ये सुरू झाली. सरकारी वकिलांचे अधिकार कमी करणारी घटनादुरुस्ती संसदेने ४३० विरुद्ध ९ मतांनी फेटाळली. पण या सगळ्याच्या मुळाशी असलेले राजकीय सुधारणेचे कलम, ज्यासाठी डिल्मा यांनी जनमत घेण्याचे सुचवले होते, ते संसदेतल्या मित्रपक्षांनीच गाडून टाकले. ५१३ जणांच्या लोकप्रतिनिधी सभागृहात त्यांच्या कामगार पक्षाच्या वाट्याला २०१० मध्ये ८८ जागा आल्या होत्या. बाकीचे बहुमत अनेक पक्षांशी देवाणघेवाण करून जमवलेले होते. लोक ज्या देवाणघेवाणीला कंटाळले होते, तिच्याच बळावर सरकार उभे होते. माझ्या दृष्टीने जूनची खरी शोकांतिका इथे आहे.

दुसरे कारण कामगार पक्षाच्या स्वभावात होते. हा पक्ष रस्त्यावरच जन्मलेला, साओ पावलोच्या औद्योगिक पट्ट्यातल्या संपांतून वाढलेला. पण दहा वर्षांच्या सत्तेत त्याच्या कामगार संघटना आणि भूमिहीनांच्या चळवळी सरकारला अडचण होईल असे काही करायला कचरू लागल्या. आपले सरकार असताना आपण मोर्चा कोणाविरुद्ध काढायचा, हा त्यांचा पेच प्रामाणिक होता. परिणाम असा झाला की रस्ता दुसऱ्यांनी उचलला. २०१४ मध्ये 'मोव्हिमेंतो ब्राझील लिव्रे' नावाची उजवी, बाजारवादी संघटना उभी राहिली. मोफत प्रवास चळवळीच्या नावाची आठवण करून देणारेच हे नाव होते. २०१५ आणि २०१६ च्या प्रचंड मोर्चांत फुटबॉल संघाचे पिवळे-हिरवे सदरे घालून आलेली गर्दी ही २०१३ चीच गर्दी होती, असे मानण्याचे कारण नाही. तिच्यात सुस्थितीतल्या आणि उच्चशिक्षित लोकांचे प्रमाण मोठे असल्याचे त्या वेळच्या पाहण्यांतून दिसून आले होते.

मधल्या काळात जे घडले ते रस्त्यावर नव्हे, तर दालनांत घडले. ऑगस्ट २०१३ मध्ये संघटित गुन्हेगारीविरुद्ध एक कायदा झाला आणि शिक्षेत सवलत घेऊन इतरांविरुद्ध माहिती देण्याची पद्धत पक्की झाली. पेट्रोब्रास या सरकारी तेल कंपनीतल्या लाचखोरीचा मार्च २०१४ मध्ये सुरू झालेला 'लावा जातो' हा तपास याच पद्धतीवर चालला. भ्रष्टाचार खरा होता, पण तपासाची रीत सरळ राहिली नाही. कामगार पक्षाचेच माजी राष्ट्राध्यक्ष लुला यांना शिक्षा सुनावणारे न्यायाधीश सेर्जियो मोरो पुढे बोल्सोनारो यांचे न्यायमंत्री झाले, आणि २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पक्षपाती ठरवले. डिल्मा ऑक्टोबर २०१४ मध्ये ५१.६४ टक्के मते घेऊन पुन्हा निवडून आल्या. त्यानंतर प्रचारात ज्याला विरोध केला तीच खर्चकपात त्यांनी हाती घेतली. २०१५ आणि २०१६ या दोन्ही वर्षांत अर्थव्यवस्था तीन टक्क्यांहून अधिक आक्रसली. अंदाजपत्रकी हिशेबातल्या अनियमिततेचे कारण पुढे करून ३१ ऑगस्ट २०१६ रोजी सिनेटने त्यांना ६१ विरुद्ध २० मतांनी पदावरून दूर केले. त्यांच्याच उपाध्यक्षांनी, मिशेल टेमेर यांनी, ती जागा घेतली आणि वर्ष संपण्याआधी सरकारी खर्चावर २० वर्षांची मर्यादा घालणारी घटनादुरुस्ती करून घेतली. २०१३ मध्ये चांगल्या रुग्णालयांची मागणी करणाऱ्याला मिळालेले हे उत्तर होते. दोन वर्षांनी त्याने ज्याला मत दिले त्याचा मला खेद आहे, पण आश्चर्य वाटत नाही.

आपण संयुक्त महाराष्ट्र समितीचे नाव घेतलेत, ते योग्यच आहे. १९५६ मध्ये स्थापन झालेल्या त्या समितीत कम्युनिस्ट, समाजवादी, शेकाप, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन असे एकमेकांशी न पटणारे पक्ष एका मागणीसाठी एकत्र आले, आणि १९५७ मध्ये त्यांनी तीच मागणी घेऊन निवडणूक लढवली. मोर्चा, सत्याग्रह आणि मतपेटी यांच्यात तिथे तुटलेपण नव्हते. ब्राझीलमध्ये नेमका हा पूल नव्हता. पण तो नव्हता याचा दोष भाडेवाढीविरुद्ध चालत निघालेल्या वीस वर्षांच्या मुलांवर टाकायचा नसतो. पूल बांधण्याचे काम ज्यांच्याकडे पक्ष, पैसा आणि पदे होती त्यांचे होते.

एक फरक मात्र डोळ्यांसमोर ठेवावा. १७ जून २०१३ ला संसदेच्या छपरावर चढलेली मुले राज्यघटनेने दिलेले हक्क मागत होती. ८ जानेवारी २०२३ ला त्याच छपरावर चढलेली गर्दी ५०.९० टक्के मते मिळवून निवडून आलेल्या लुला यांना लष्कराने हटवावे म्हणून आली होती, आणि तिने संसद, राष्ट्राध्यक्षांचे कार्यालय व सर्वोच्च न्यायालय अशा तिन्ही इमारतींची नासधूस केली. इमारत तीच, गर्दीही वरवर सारखी. पण मते मोजली जावीत म्हणून आवाज उठवणे आणि मोजलेली मते रद्द व्हावीत म्हणून आवाज उठवणे या दोन गोष्टी एका पारड्यात घालता येत नाहीत. ब्राझीलच्या न्यायालयाने त्या घातल्या नाहीत: सप्टेंबर २०२५ मध्ये बोल्सोनारो यांना सत्तापालटाच्या कटाबद्दल २७ वर्षे ३ महिन्यांची शिक्षा झाली.

न्यायालयाचे हे श्रेय देताना २०१३ चा हिशेबही विसरता येत नाही. २० जूनच्या रात्री रिओ द जानेरोत रस्त्यावर कचरा वेचणाऱ्या एका गरीब कृष्णवर्णीय तरुणाला जंतुनाशक आणि ब्लीचच्या बाटल्या जवळ बाळगल्याबद्दल पकडले आणि त्याला तुरुंगवास झाला. मोर्चाशी त्याचा संबंध नव्हता. पुढच्याच महिन्यात रोसिन्या वस्तीतला एक बांधकाम मजूर पोलीस घेऊन गेले तो परतलाच नाही. 'तो कुठे आहे?' हा प्रश्न मग कित्येक मोर्चांच्या फलकांवर झळकत राहिला. लष्करी राजवटीतून आलेली पोलीस यंत्रणा १९८८ नंतरही जशीच्या तशी राहिली, आणि गरीब वस्त्यांत रबरी नव्हे, खऱ्या गोळ्या चालतात ही गोष्ट मध्यमवर्गाला त्या जूनमध्ये पहिल्यांदा अंगावर आली.

प्रश्न: एवढे सगळे होऊन बसच्या भाड्याचे पुढे काय झाले?
– एक बँक कर्मचारी, नागपूर

उत्तर: हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात, म्हणून आपले आभार. साओ पावलोतले भाडे २०१५ च्या जानेवारीत एकदम ३.५० रेआइस झाले, म्हणजे मागे घेतलेली वाढ व्याजासह वसूल झाली. पण मोफत प्रवासाची कल्पना मेली नाही. मुळात ती या मुलांची नव्हतीच. १९९० च्या सुमारास साओ पावलोच्या तेव्हाच्या महापौर लुइझा एरुंदिना यांनी ती मांडली होती आणि नगरसभेने ती रोखली होती. त्याच एरुंदिनांनी पुढे खासदार म्हणून मांडलेल्या प्रस्तावातून सप्टेंबर २०१५ मध्ये प्रवासाची सोय हा सामाजिक हक्क म्हणून राज्यघटनेच्या सहाव्या कलमात समाविष्ट झाला. आज ब्राझीलमधल्या शंभराहून अधिक लहान-मोठ्या गावांत आणि शहरांत बस पूर्णपणे मोफत आहे, आणि ती सुरू करणाऱ्यांत डावे आहेत तसे उजवेही आहेत.

खुद्द साओ पावलोत १७ डिसेंबर २०२३ पासून रविवारी शहर बसला भाडे पडत नाही. मेट्रोला पडते. सोमवारी सकाळी बसमधल्या फाटकापाशी पुन्हा पैसे मोजावे लागतात.